द गेम अवॉर्ड्स सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन पुरस्कार

द गेम अवॉर्ड्स सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन पुरस्कार हा व्हिडिओ गेमच्या दृश्यरूपातील उत्तम कामगिरीसाठी दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार आहे. कलात्मक रचना आणि चलत्चित्रण यांतील सर्जनशील किंवा तांत्रिक उत्कृष्टता हा त्याचा निकष आहे. हा पुरस्कार २०१५ सालापासून दिला जातो. मून स्टुडिओजचा 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट' हा त्याचा पहिला मानकरी ठरला, तर २०२५ सालचा पुरस्कार सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या फ्रेंच संस्थेच्या 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपेडिशन ३३' या गेमला मिळाला.

कलादिग्दर्शन म्हणजे काय

नाटकात नेपथ्यकार आणि चित्रपटात कलादिग्दर्शक जे काम करतो, त्याच्याशी गेममधील कलादिग्दर्शनाचे जवळचे नाते आहे. गेमची रंगसंगती, प्रकाशयोजना, वास्तू, पात्रांची ठेवण, वेशभूषा, अक्षरे, एवढेच नव्हे तर पडद्यावरील सूचनाफलक या सर्वांना एका सूत्रात बांधणे हे कलादिग्दर्शकाचे काम होय. मोठ्या गेमवर शेकडो चित्रकार वेगवेगळ्या ठिकाणी बसून काम करतात. त्या सर्वांचे काम एकाच हातचे वाटावे, ही जबाबदारी त्याच्यावर असते.

चित्रपट आणि गेम यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. चित्रपटात प्रेक्षकाला कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते. गेममध्ये खेळाडू स्वतः हिंडतो, मागे वळतो, कोपऱ्यात डोकावतो. त्यामुळे दृश्य सुंदर असणे पुरेसे नसते. कोणती वाट चालण्याजोगी आहे, धोका कोठे आहे आणि कोणती वस्तू उपयोगाची आहे, हेही त्याच दृश्यातून कळावे लागते. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या गेममध्ये खेळाडूला दिशा दाखविण्यासाठी बाणाऐवजी वारा वाहतो आणि गवत त्या दिशेला झुकते. सौंदर्य आणि मार्गदर्शन ही दोन्ही कामे येथे एकच चित्र करते.

चित्रांची तांत्रिक गुणवत्ता आणि कलादिग्दर्शन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यंत्राची शक्ती वाढली की चित्रातील बारकावे वाढतात. परंतु काय दाखवावे आणि काय वगळावे, हा निर्णय यंत्र घेत नाही.

इतिहास

द गेम अवॉर्ड्स हा सोहळा कॅनडात जन्मलेले पत्रकार व निवेदक जेफ कीली यांनी २०१४ साली सुरू केला. त्याआधी २००३ ते २०१३ या काळात स्पाइक या अमेरिकन दूरचित्रवाहिनीतर्फे अशाच प्रकारचे पुरस्कार दिले जात असत. नव्या सोहळ्याच्या पहिल्या वर्षी कलादिग्दर्शनाचा स्वतंत्र विभाग नव्हता. तो दुसऱ्या वर्षी आला. सोहळा दरवर्षी डिसेंबर महिन्यात होतो.

निवड प्रक्रिया

निरनिराळ्या देशांतील गेमविषयक वृत्तसंस्था आणि नियतकालिके यांचे परीक्षक मंडळ नामांकने ठरवते. अंतिम निकालात या मंडळाच्या मतांना ९० टक्के आणि सर्वसामान्य खेळाडूंच्या मतांना १० टक्के वजन असते. पुरस्कार गेमला व तो घडविणाऱ्या संस्थेला दिला जातो, एका व्यक्तीला नव्हे.

विजेते

२०१५: ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट (मून स्टुडिओज)
२०१६: इनसाइड (प्लेडेड, डेन्मार्क)
२०१७: कपहेड (स्टुडिओ एमडीएचआर, कॅनडा)
२०१८: रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (लुकास पोप)
२०१९: कंट्रोल (रेमेडी एंटरटेनमेंट, फिनलंड)
२०२०: घोस्ट ऑफ त्सुशिमा (सकर पंच, अमेरिका)
२०२१: डेथलूप (आर्केन, फ्रान्स)
२०२२: एल्डन रिंग (फ्रॉमसॉफ्टवेअर, जपान)
२०२३: ॲलन वेक २ (रेमेडी एंटरटेनमेंट, फिनलंड)
२०२४: मेटाफर: रीफँटाझियो (स्टुडिओ झिरो, जपान)
२०२५: क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपेडिशन ३३ (सँडफॉल इंटरॲक्टिव्ह, फ्रान्स)

हा पुरस्कार दोनदा मिळविणारी रेमेडी ही या यादीतील एकमेव संस्था आहे. तसेच या ११ गेमपैकी 'एल्डन रिंग' आणि 'क्लेर ऑब्स्क्यूर' या दोनच गेमना त्याच सोहळ्यात 'गेम ऑफ द इयर' हा मुख्य पुरस्कारही मिळाला. दृश्यकलेचे मूल्यमापन एकूण गेमच्या मूल्यमापनापासून बऱ्याच अंशी वेगळे केले जाते, असे यावरून दिसते.

उल्लेखनीय गेम

कपहेड: १९३०च्या दशकातील अमेरिकन व्यंगचलत्चित्रपटांची शैली या गेमने जशीच्या तशी उभी केली. पात्रांची प्रत्येक हालचाल कागदावर हाताने रेखाटून शाईने गिरवली गेली आणि पार्श्वभूमीची दृश्ये जलरंगांत रंगविण्यात आली.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन: हा गेम प्रामुख्याने लुकास पोप या एकाच व्यक्तीने घडविला. १८०७ साली परतलेल्या एका निर्मनुष्य जहाजावरील लोकांचे काय झाले, याचा शोध ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाच्या भूमिकेतून घ्यायचा असतो. संपूर्ण गेम जुन्या मॅकिंटॉश संगणकांची आठवण करून देणाऱ्या केवळ दोन छटांत, गडद आणि फिकट ठिपक्यांत रंगविलेला आहे. त्या वर्षी नामांकनात 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि 'गॉड ऑफ वॉर' यांसारखे, प्रचंड मनुष्यबळ व पैसा लावून केलेले, वास्तवाचा आभास निर्माण करणारे गेम होते. त्यांना मागे टाकून दोन छटांच्या गेमने पुरस्कार मिळविला, ही या विभागाच्या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना म्हणता येईल.

कंट्रोल: एका गूढ सरकारी खात्याच्या न्यूयॉर्कमधील इमारतीत हे कथानक घडते. उघड्या काँक्रीटच्या अजस्र भिंती असलेली ब्रुटलिस्ट वास्तुशैली येथे जणू एक पात्रच बनली आहे.

क्लेर ऑब्स्क्यूर: या शब्दांचा अर्थ चित्रकलेतील छायाप्रकाशाची पद्धती असा होतो. फ्रान्समधील 'बेल एपोक' या कालखंडाच्या सजावटशैलीवर या गेमचे जग बेतलेले असून चित्रकला हाच त्याच्या कथेचा गाभा आहे.

इतर संस्थांचे पुरस्कार

कलादिग्दर्शनाचा गौरव इतर संस्थाही करतात. ब्रिटिश अकादमीच्या (बाफ्टा) गेम पुरस्कारांत 'कलात्मक कामगिरी' हा विभाग आहे. अमेरिकेतील ॲकॅडमी ऑफ इंटरॲक्टिव्ह आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था डाइस पुरस्कारांतर्गत कलादिग्दर्शन आणि चलत्चित्रण यांसाठी स्वतंत्र पुरस्कार देते. तेथे मतदार स्वतः गेम व्यवसायातील असतात. गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्समध्ये 'सर्वोत्कृष्ट दृश्यकला' हा विभाग असतो.

या संस्थांचे निकाल कधी जुळतात, कधी नाही. 'कपहेड' व 'कंट्रोल' यांना डाइस पुरस्कारही मिळाले. 'ओब्रा डिन' आणि 'ॲलन वेक २' यांना बाफ्टानेही गौरविले. उलट २०१८ साली बाफ्टाने 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस', २०२० साली 'सायोनारा वाइल्ड हार्ट्स' आणि २०२१ साली 'हेडीस' या गेमची निवड केली. पत्रकार, व्यावसायिक आणि अकादमीचे परीक्षक यांची दृष्टी भिन्न असल्याने असे मतभेद स्वाभाविक होत.

टीका आणि वाद

पुरस्कार संस्थेच्या नावे दिला जात असल्याने प्रत्यक्ष चित्रकारांची नावे प्रेक्षकांपर्यंत क्वचितच पोहोचतात. २०२३ सालच्या सोहळ्यात विजेत्यांना बोलण्यास फारच थोडा वेळ दिला गेला आणि जाहिरातींना मात्र भरपूर वेळ मिळाला, अशी टीका अनेक गेमनिर्मात्यांनी केली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. 'क्लेर ऑब्स्क्यूर'च्या निर्मितीत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली काही तात्पुरती चित्रे वापरली गेली होती आणि ती नंतर काढून टाकण्यात आली. या कारणावरून इंडी गेम अवॉर्ड्स या वेगळ्या पुरस्कार संस्थेने डिसेंबर २०२५मध्ये या गेमला दिलेले आपले सन्मान मागे घेतले. द गेम अवॉर्ड्सचा पुरस्कार मात्र कायम राहिला. कलेचा पुरस्कार केवळ अंतिम चित्र पाहून द्यावा, की ते कोणी व कसे काढले हेही पाहावे, या प्रश्नावर पुरस्कार देणाऱ्या संस्थांचे एकमत नाही.

भारतीय संदर्भ

कलादिग्दर्शनाच्या या पुरस्काराच्या विजेत्यांत अद्याप एकही भारतीय गेम नाही. तथापि पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेमला २०२० साली द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठी नामांकन मिळाले होते. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या संस्थेचा प्रयत्न असफल झाला होता. त्यानंतर तीन वर्षांनी हा गेम प्रकाशित झाला. राजस्थानी वास्तुरचना, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांच्या खेळाच्या धर्तीवर रचलेले कथाप्रसंग ही त्याची दृश्यवैशिष्ट्ये होत. भारतीय कलापरंपरेतील घटक गेमच्या माध्यमात वापरण्याच्या प्रयत्नांत 'राजी'चा उल्लेख म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.