‘सारखे’, ‘जणू’ आणि ‘म्हणजे’

शाळेत अलंकार आपण गुणांपुरते पाठ केले. पण ते रोजच्या बोलण्यातही असतात. ‘आई सावलीसारखी आहे’ ही उपमा. आई उपमेय, सावली उपमान आणि शीतलपणा हा समान धर्म. ‘सारखी’ या शब्दाने दोघींत अंतर राखले. ‘आई जणू सावलीच’ ही उत्प्रेक्षा, अंतर घटले. ‘आई म्हणजे सावली’ हे रूपक. येथे अंतरच उरले नाही. रूपकाचे बळ यातच आहे आणि धोकाही. ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ हेही रूपकच! पण पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ते सत्य वाटू लागले आणि कित्येकींचे शिक्षण त्यापायी थांबले. म्हणून असे ‘म्हणजे’ कानावर पडले, की तेथे ‘सारखे’ घालून पाहावे. मुलगी परक्याच्या धनासारखी? ती कशी बरे? हा प्रश्न पडावा, यासाठीच अलंकार ओळखायचे.