जमिनीतील जड धातू आणि बायोचार

शेतजमीन ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव आहे. पाण्याची टंचाई एका चांगल्या पावसाळ्याने दूर होते आणि नत्राची उणीव एका हंगामात भरून काढता येते. परंतु जमिनीत साचलेला जड धातू पुढील पिढीपर्यंत तसाच टिकून राहतो. तो कुजत नाही, जळत नाही आणि जिवाणूंकडून त्याचे विघटनही होत नाही. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे व जस्त हे या वर्गातील प्रमुख धातू होत. यांपैकी तांबे व जस्त पिकांना अल्प प्रमाणात आवश्यक असतात. मात्र मर्यादा ओलांडताच तेही अपायकारक ठरतात.

या प्रदूषणाचे परिणाम किती दूरगामी असतात, हे जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात दिसून आले. तेथे खाणीतून आलेले कॅडमियम पाटाच्या पाण्यावाटे भातखाचरांत उतरले आणि भातावाटे माणसांच्या शरीरात गेले. त्यातून हाडे ठिसूळ करणारा, असह्य वेदनांचा विकार उद्भवला. १९६८ साली जपान सरकारने या विकाराचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. तेथील शेतांची माती बदलण्याचे व झाकण्याचे काम सुमारे तीन दशके चालून २०१२ साली पूर्ण झाले. असा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील नाही. म्हणूनच, धातू जागच्या जागी बांधून ठेवणाऱ्या स्वस्त उपायांकडे जगभरातील मृदशास्त्रज्ञांचे लक्ष वळले. बायोचार हा त्यांपैकी एक उपाय होय.

द्राक्षबागेतील तांबे

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे बागायत वाढली. द्राक्षे, टोमॅटो व कांदा ही तालुक्याची महत्त्वाची नगदी पिके आहेत. निमगाव सावा किंवा तालुक्यातील अन्य बागायती गावांनी या प्रश्नाचा विचार करताना कारखान्याच्या धुराड्याइतकेच फवारणीच्या पंपाकडेही लक्ष द्यावयास हवे.

द्राक्षावरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरले जाते. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ च्या सुमारास ते प्रसिद्धीस आणले. एक टक्का तीव्रतेच्या १०० लिटर मिश्रणात एक किलो मोरचूद असते आणि मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. एकरी ४०० लिटर मिश्रण फवारल्यास एका फवारणीत एक किलो तांबे बागेत येते. वर्षाला अशा चार फवारण्या धरल्या, तर वीस वर्षांत एकरी ८० किलो तांबे होते. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे नऊ लाख किलो असते. सर्व तांबे या थरात राहिले असे मानल्यास, प्रत्येक किलो मातीत जवळजवळ ९० मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला एकरी सरासरी १.६ किलो, अशी मर्यादा घातली आहे. वरील उदाहरणातील चार किलो त्याच्या अडीच पट भरतात.

बाग जुनी होऊन काढून टाकली, तरी तांबे तेथेच राहते. त्याच जमिनीत पुढे टोमॅटो किंवा पालेभाज्या घेतल्या जातात. तांबे जास्त झाल्यास कोवळ्या मुळांची वाढ खुंटते, लोहाच्या शोषणात अडथळा येऊन पाने पिवळी पडतात आणि गांडुळे व उपयुक्त जिवाणू कमी होतात.

राख आणि कोळसा

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. राब उघड्यावर जळतो व त्याची राख होते. हाच पालापाचोळा किंवा लाकूड अत्यल्प हवेत ३०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानास तापविले, तर राखेऐवजी सच्छिद्र कोळसा मिळतो. शेतीसाठी तयार केलेल्या अशा कोळशास बायोचार म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन वस्त्यांच्या जागी कोळसामिश्रित काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आढळते. त्यावरून आधुनिक संशोधनास चालना मिळाली.

बायोचारच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यावरील ऋणभारित जागा तांबे, शिसे, कॅडमियम यांचे धनभारित कण धरून ठेवतात. त्यातील फॉस्फेट व कार्बोनेट यांच्याशी संयोग होऊन काही धातूंचे अविद्राव्य क्षार बनतात. शिवाय त्यातील क्षारांमुळे आम्ल जमिनीचा सामू वाढतो आणि धातूंची विद्राव्यता घटते. अशा रीतीने धातू जमिनीत राहतो, पण मुळांना सहज मिळत नाही. बायोचार हे धातूला घातलेले कुलूप आहे. त्यामुळे जमीन धातुमुक्त होत नाही, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे.

मर्यादा व दक्षता

सर्व जमिनींत या उपायाचा सारखाच गुण येत नाही. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत सामू वाढल्याचा लाभ मोठा असतो. दख्खनच्या काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी असून त्यांतील चिकणमाती बराचसा धातू स्वतःच धरून ठेवते. तेथे बायोचार अति प्रमाणात घातल्यास लोह व जस्ताची कमतरता वाढू शकते. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या हलक्या, मुरमाड जमिनीत त्याचा उपयोग अधिक संभवतो. आर्सेनिकच्या बाबतीत तर उलट परिणाम होऊन ते अधिक विद्राव्य होऊ शकते. म्हणून आधी परीक्षण आवश्यक ठरते.

कच्चा मालही पारखून घ्यावयास हवा. खरड छाटणी व फळछाटणीनंतर बागायतदाराकडे काड्यांचे ढीग पडतात आणि त्यांचाच बायोचार करावा, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु वाळलेल्या मालाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा इतकाच कोळसा मिळतो, तर काड्यांवरील तांबे मात्र उडून न जाता त्यातच राहते. म्हणजे तांब्याचे प्रमाण तीन-चार पट वाढते. बोर्डो फवारलेल्या काड्यांपेक्षा उसाचे पाचट, मक्याची ताटे किंवा वेड्या बाभळीचे लाकूड हा अधिक सुरक्षित माल होय. रंगविलेले लाकूड व प्लॅस्टिकमिश्रित कचरा पूर्णपणे वर्ज्य मानावा.

मातीच्या वजनाच्या एक टक्का या प्रमाणात बायोचार द्यावयाचा, तर एकरी सुमारे नऊ टन लागतो आणि त्यासाठी तीस टनांच्या आसपास वाळलेला माल जाळावा लागेल. संपूर्ण शिवारासाठी हे व्यवहार्य नाही. एका गुंठ्यास मात्र सव्वादोनशे किलो पुरतो. म्हणून परीक्षणात सदोष आढळलेल्या पट्ट्यापुरता, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून त्याचा प्रयोग करणे योग्य ठरेल. शेजारी बायोचार न घातलेला गुंठा राखल्यास फरक डोळ्यांना दिसेल.

गावपातळीवरील कार्य

पहिले पाऊल माहितीचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेतील जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते व त्यांत तांबेही आहे. ही नोंद प्रामुख्याने कमतरता ओळखण्यासाठी असते. ‘पुरेसे’ या शेऱ्यावरून तांबे अतिरिक्त आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष आकडा पाहावा. जुन्या बागांचे आकडे कोरडवाहू शेताच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यास साठा कोठे झाला आहे, याचा अंदाज येतो. शिसे व कॅडमियम यांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.

दुसरे पाऊल प्रतिबंधाचे आहे. शहरी कचऱ्याचे खत गावात येत असेल, तर त्याचा तपासणी अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात प्रतिकिलो कॅडमियम ५, शिसे १०० व तांबे ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. बोर्डो मिश्रणाची फवारणी शिफारशीनुसार व गरजेपुरतीच करावी.

यानंतरच बायोचारचा क्रम येतो. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे. त्याच्या मार्गदर्शनाखाली ग्रामपंचायतीला एखाद्या गुंठ्यावर प्रयोग आखता येईल आणि त्याच्या नोंदी शाळेतील विद्यार्थ्यांकडून ठेवून घेता येतील. येणारा धातू थांबविणे, साचलेला मोजणे आणि उरलेला बांधून ठेवणे, या क्रमाने पावले टाकली गेली, तरच पूर्वजांकडून मिळालेली जमीन पुढील पिढीच्या हाती निर्धास्तपणे सोपविता येईल.