यादीत नसलेलं बाळ

सकाळी ८. शिरूर तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. सिस्टरांनी आईसपॅक ओट्यावर मांडलेत. आतला बर्फ खुळखुळू लागला की मगच ते डब्यात जातील. पेंटाव्हॅलंट लस उन्हाने बिघडते तशी गोठल्यानेही वाया जाते. २ ते ८ अंश, बस्स.

१०. अंगणवाडी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. तरी एकच बाळ आलं तरी ती उघडायची, हा नियम मला मनापासून पटतो. एक आजी नातवाला सोडेना. “मागल्या डोसाला रातभर रडलाय.” सिस्टरांनी तापाचं औषध कधी, किती द्यायचं ते दोनदा सांगितलं, तेव्हा मांडी पुढे झाली.

याच तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने रोटाव्हॅक या रोटाव्हायरसवरच्या लसीची चाचणी घेतली. दिल्ली, वेल्लोर आणि इथली मिळून ६,७९९ बाळं त्यात होती. पहिल्या वर्षात रोटाच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसलं. पुणे जिल्ह्यातच २,००४ बाळांवर गोवराची फवाऱ्याने द्यायची लस तपासली. ९१व्या दिवशी रक्तात प्रतिपिंडं सापडली ती फवारेवाल्या ८५.४ टक्के बाळांत, सुईवाल्या ९४.७ टक्के. फवारा मागे पडला, पण सुईच का टोचायची याला पुरावा मिळाला. त्या बाळांच्या आयांचे उपकार मोठे आहेत.

दुपारी २. घरोघरचे फॉर्म: डोस का चुकला? ठाम नकार क्वचित. बहुतेक ठिकाणी “कांद्याला गेले होते.”

५. न्हावऱ्याहून पारगावला भीमा ओलांडून दौंड तालुक्यात.

७. ऊसतोडीच्या कोप्या. दिवसा इथे कुणी भेटत नाही. टोळी पहाटेच फडात जाते. अकरा महिन्यांची मुलगी, आई भाकरी थापतेय.

“कार्ड आहे का, ताई?”

“गावाकडं राह्यलं.”

मग शरीराच्या खुणांवरून विचारायचं. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. मांडीत सुया? “दोनदा.” उजव्या दंडात? “नाय.” म्हणजे गोवराचा डोस राहिला. आईकडून आलेली प्रतिपिंडं या वयापर्यंत बहुतेक ओसरलेली असतात, आणि वस्ती दाटीची. गावच्या यादीत ही ‘बाहेरगावी’, इथल्या यादीत नावच नाही. आपण टक्के काढतो ते यादीवरून. म्हणून मला लसीबद्दलच्या शंकेपेक्षा या कोऱ्या ओळीची जास्त काळजी वाटते.

सिस्टर म्हणाल्या, “गुरुवारी येते.”

टोळीचा मुकादम म्हणाला, “परवा फड हलतोय, बाई.”

८. डॉक्टरांना फोन. उद्या संध्याकाळी साडेसहाला, इथेच, कुपी आणि ती कालवायचं डायल्युअंट घेऊन. मुकादम बाकीच्या कोप्यांना सांगायला उठला. मी नव्या पानावर मुलीचं नाव लिहिलं, खाली आणखी चार ओळी आखल्या.