सांध्याची पकड



सुतारकामाची हत्यारे म्हटली की करवत, रंधा, पटाशी ही नावे चटकन आठवतात. क्लॅम्पचे नाव कोणी घेत नाही. कारण उघड आहे. करवत कापते, रंधा तासतो. क्लॅम्प नुसता धरून बसतो. पण घरी हौसेने केलेले टेबल दोन पावसाळ्यांत फळीफळीने सुटू लागते, तेव्हा पुष्कळदा दोष लाकडाचाही नसतो आणि सरसाचाही नसतो. सरस वाळत असताना त्या फळ्या नीट धरून ठेवलेल्या नसतात. म्हणून हा धरून ठेवणारा कसा निवडावा, याचा आज विचार करू.

पूर्वी सुतार जनावरांच्या हाडांचा किंवा कातड्याचा सरस गरम करून वापरीत. तो गार होताहोताच पकड घेई. म्हणून रंधलेल्या दोन कडा एकमेकींवर घासून ठेवल्या तरी लहान सांधा बसे. मोठ्या कामाला दोर आणि पाचरी असत. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि सरस तापवण्याची खटपट हळूहळू संपली. पण या पांढऱ्या सरसाची रीत निराळी आहे. त्यातले पाणी लाकडात मुरते आणि मागे पातळ थर उरतो. हा थर जितका पातळ आणि सलग, तितका सांधा बळकट. तो घट्ट होईपर्यंत फळ्या दाबून धराव्याच लागतात. असा सांधा नीट बसला, तर पुढे जोर लावल्यावर सांध्याशेजारचे लाकूड फाटते, सांधा उकलत नाही.

आता किती दाब हवा? मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 ते 10 किलो आणि कठीण लाकडाला 12 ते 17 किलो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. आपण सागाच्या चार फळ्या जोडून चार फूट लांब, दोन फूट रुंद टेबलाचा माथा करीत आहोत, असे धरा. फळी सहा इंच रुंद आणि सहा सूत जाड. एका सांध्याची कड सुमारे 122 सेंटिमीटर लांब व 1.9 सेंटिमीटर जाड, म्हणजे क्षेत्र 230 चौरस सेंटिमीटर. मधल्या प्रतीच्या सागाला 9 किलो धरले, तर एकंदर जोर दोन हजार किलोंच्या आसपास जातो!

हा जोर किती क्लॅम्पांत वाटायचा, याचाही नियम सोपा आहे. क्लॅम्पच्या जबड्यापासून दाब पंख्यासारखा, दोन्ही बाजूंना 45 अंशांत पसरतो. कडेची फळी सहा इंच रुंद असल्याने पहिल्या सांध्यापर्यंत पोचताना एक क्लॅम्प दोन्हीकडे सहा-सहा इंच, म्हणजे एक फूट सांभाळतो. चार फुटांना चार पुरतील. टोके नीट बसावीत म्हणून पाच घ्यावेत. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 400 किलो आले.

या हिशेबाने बाजारातील प्रकार पाहू. घोडा दाबून एका हाताने आवळायचा क्लॅम्प फार सोयीचा. पण त्याचे साधारण बळ दीडशे किलोंच्या आत असते. प्लाय कापताना धरायला तो उत्तम, टेबलाच्या माथ्याला अपुरा. इंग्रजी एफ अक्षरासारखा क्लॅम्प घरात सर्वांत जास्त उपयोगी पडतो. खुर्चीचा पाय, खोका, चौकट ही त्याची कामे. त्याचा सरकता जबडा किंचित कलंडून पट्टीवर अडकतो आणि त्यावरच त्याची पकड उभी असते. म्हणून तेल स्क्रूच्या आट्यांना द्यावे, पट्टीला देऊ नये. रुंद कामाला टी आकाराच्या पट्टीचा क्लॅम्प घ्यावा, कारण ती पट्टी सहजी वाकत नाही. पैसे वाचवायचे असतील तर पाइप क्लॅम्प आहे. त्यात नुसते जबडे विकत घ्यायचे आणि आटे पाडलेला नळ जोडायचा. एक काळजी मात्र हवी. ओला सरस, लोखंड आणि लाकडातील टॅनिन एकत्र आले की काळा डाग पडतो; मध्ये कागद ठेवावा.

लांबी कामापेक्षा सहा इंच ते एक फूट अधिक असावी, कारण दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठेवावे लागतात. फार लांब क्लॅम्प जड होतो आणि काम कलंडवतो. जबड्याची खोलीही मोजून घ्यावी. कडेपासून आत जिथे दाब हवा, तिथवर तो पोचला पाहिजे. दुकानात जबडे मिटवून पाहावेत, ते सपाट भेटले पाहिजेत. पट्टी डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना ते पाहावे. आटे जाड असावेत. एकच मोठा घेण्यापेक्षा सारख्या मापाची जोडी घेणे शहाणपणाचे. प्रारंभी एक फुटाचे चार एफ क्लॅम्प आणि तीन फुटांचे चार टी क्लॅम्प पुरेत. पाचवा शेजाऱ्याकडून आणता येतो.

वापरताना आधी सरस न लावता सर्व जुळवून पाहावे. क्लॅम्प एक खालून, एक वरून असे लावावेत, म्हणजे माथा कमानीसारखा उचलत नाही. सांध्यावर सरसाचे बारीक मणी सारखे उमटले की थांबावे. चौकट असेल तर दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान आले म्हणजे काटकोन साधला. मग डब्यावरील वेळ पाळावी आणि पूर्ण बळ येण्यास एक दिवस द्यावा.

शेवटी मुख्य गोष्ट. रंध्याने न जुळलेल्या कडा आवळून जुळवू नका. त्या दिवशी त्या जुळतील. पण लाकूड आपला वाक विसरत नाही, आणि पावसाळ्यात ते फुगू लागले की तोच ताण सांधा उकलतो. हाताने दाबल्यावर फट मिटली, तरच क्लॅम्प लावावा. जुळवणे हे आपले काम. धरून ठेवणे हे त्याचे.