भिलार : पुस्तकांच्या गावातील शेती व पाहुणे

महाबळेश्वर व पाचगणी यांच्या दरम्यान वसलेले भिलार 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथील घरांत ठेवलेली मराठी पुस्तके कोणासही विनामूल्य वाचता येतात. मुक्कामी पाहुण्यास पाचगणीचे पठार व क्षेत्र महाबळेश्वरातील कृष्णेचे उगमस्थान सहज पाहता येते. तथापि कृषी पर्यटनाच्या दृष्टीने मुख्य आकर्षण स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांचेच होय.

लागवड साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते; कास पठारावरील फुलांचा बहरही याच सुमारास असतो. फळांचा मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च. तोडणीनंतर स्ट्रॉबेरीचा रंग गडद होतो, पण गोडी वाढत नाही. दूरच्या बाजारपेठेसाठी फळ पूर्ण पिकण्यापूर्वीच तोडावे लागते. पाहुण्यास मात्र वेलीवर पिकलेले फळ मिळते, आणि त्यासाठी तो अधिक दर आनंदाने देतो.

धोकाही येथेच आहे. वाफ्यातले फळ बहुधा न धुताच तोंडात जाते. म्हणून पाहुण्यांसाठी स्वतंत्र वाफे राखावेत, तेथे कीडनाशकाच्या लेबलवरील प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे पाळावा आणि फवारणीची तारीख नोंदवून ठेवावी. केवळ फलक लावून भागत नाही. सहलीला आलेला माणूस फलक क्वचितच वाचतो! शेतकरी कुटुंबातील एक व्यक्ती सोबत असावी. त्यामुळे ठिबकच्या नळ्या व प्लास्टिक आच्छादनही तुडवले जात नाही.

मुक्कामाची सोय करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी.