सुंभ जळाला, पीळ उरला

मियू मिनी या हातात मावणाऱ्या यंत्राचा पडदा २.८ इंचांचा. आत ड्युअल कोअर प्रोसेसर आणि जेमतेम १२८ मेगाबाइट रॅम. आजच्या साध्यातल्या साध्या स्मार्टफोनपुढे ही ताकद कुठेच लागत नाही. तरी निन्टेन्डोचा १९८३ चा फॅमिकॉम, १९८९ चा गेम बॉय, १९९४ चे प्लेस्टेशन अशी एकमेकांशी अंतर्गत रचनेत काडीचे साम्य नसलेली यंत्रे त्यावर आळीपाळीने अवतरतात. अ‍ॅनबर्निक, रेट्रॉइड वगैरे कंपन्यांची अशी यंत्रे, म्हणजे हँडहेल्ड, आता भरपूर आहेत. त्यांच्याकडे एकतर चाळिशीतल्यांचे स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते, नाहीतर चोरीचा माल म्हणून. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही मुख्य मुद्द्याला बगल देतात. व्हिडिओ गेम ही जपण्याजोगी निर्मिती आहे असे एकदा मान्य केले, तर ती जपण्याचे मोठे काम आज हौशी लोकांनी लिहिलेले एम्युलेटर, म्हणजे एका यंत्राचे वागणे दुसऱ्यावर वठवणारे प्रोग्रॅम, करत आहेत. खेळांच्या मालक कंपन्या त्यात खूप मागे आहेत आणि ग्रंथालयांचे हात कायद्याने बांधलेले आहेत.

जपायचे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागते. कॅसेटमधल्या चिपमधून उतरवलेली फाइल म्हणजे खेळ नव्हे. ती फक्त आज्ञांची यादी. खेळ घडतो तो त्या आज्ञांनुसार यंत्र जसे वागते त्यातून. फॅमिकॉमच्या प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्‌झ, कामाची मेमरी २ किलोबाइट, आणि पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलती चित्रे काढणे त्याला जमत नसे. म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकत. ती लुकलुक कॅसेटमधल्या फाइलीत चित्र म्हणून कुठेच सापडणार नाही, ती यंत्राच्या मर्यादेतून येते. एम्युलेटर हे वागणे नव्याने लिहून काढतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हेकटपणाला उद्देशून वापरतो. इथे तो पीळच हवा असतो.

तो पीळ किती बारीक असतो, याचे उत्तम उदाहरण सुपर निन्टेन्डोचे. बायू आणि पुढे निअर या टोपणनावांनी ओळखले जाणारे, २०२१ साली निवर्तलेले प्रोग्रॅमर बीस्नेस या एम्युलेटरचे कर्ते. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्‌झने चालतो. त्याचे वागणे तंतोतंत उतरवायला सुमारे ३ गिगाहर्ट्‌झचा संगणक लागतो, असे त्यांनी २०११ मध्ये सविस्तर मांडले. जुने वेगवान एम्युलेटर तर ३०० मेगाहर्ट्‌झवर बिनदिक्कत चालत, मग हा अट्टहास कशाला? ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ या खेळात विमानाची जमिनीवर पडणारी सावली एकेक ओळ रंगवली जात असतानाच मध्येच सेटिंग बदलून काढलेली आहे. ओळ संपूर्ण झाल्यावरच हिशेब करणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती सावली दिसतच नाही, आणि नेम धरायला तीच उपयोगी पडते. स्पीडी गोन्झालेसच्या एका खेळात तर शेवटाकडच्या टप्प्यातले एक बटण दाबले की जुने एम्युलेटर गोठत. खेळ जिथे मेमरी जोडलेलीच नाही अशा पत्त्यावरून वाचन करतो, आणि त्या क्षणी तारांवर योगायोगाने उरलेल्या मूल्यामुळे खऱ्या यंत्रात तो पुढे सरकतो. मूळ प्रोग्रॅमरची ही चूक असणार. पण ती चूक यंत्राने सांभाळून घेतली, म्हणून खेळ पूर्ण होतो. चूक पुसली तर खेळच अर्धा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मग मूळ यंत्रेच का जपू नयेत? जपावीतच. पण सेगाच्या गेम गिअरमधले कपॅसिटर गळतात, गेम बॉयच्या अनेक कॅसेटींतला नाण्याएवढा सेल संपला की साठवलेला खेळ पुसला जातो, आणि निन्टेन्डोची प्रकाश-बंदूक काचेच्या जुन्या टीव्हीशिवाय नेमच धरत नाही. इथे एम्युलेटरचीही मर्यादा मान्य करायला हवी. सेगाच्याच मेगा ड्राइव्हवरच्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी रंगवलेला आहे. जुन्या जोडणीच्या टीव्हीवर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसे. हँडहेल्डच्या लख्ख पडद्यावर नुसत्या पट्ट्याच दिसतात. फिल्टर लावून बरेच साधते, सगळे नाही.

दुसरा आक्षेप हँडहेल्डपुरता आहे: बीस्नेससारखी काटेकोर गोष्ट त्या चिमुकल्या प्रोसेसरला पेलणार नाही, मग जतनाच्या बाता कशाला? खरे आहे, तिथे तडजोडीचाच एम्युलेटर चालतो. पण संशोधन एकदा झाले की खाली झिरपते. स्नेस-नाइन-एक्स या हलक्या एम्युलेटरने बीस्नेसमधला ध्वनिविभागाचा कोड पुढे घेतला. उलट काही बाबतींत छोटे यंत्र सरस ठरते. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर प्लेस्टेशनचे ३२० बाय २४० चे चित्र बरोबर दुप्पट बसते, गेम बॉयचे १६० बाय १४४ चे तिप्पट, एकही ठिपका न ताणता. शिवाय संग्रह वापरात असला तरच त्यातल्या चुका सापडतात. एखादा आडबाजूचा खेळ सहाव्या टप्प्यावर अडकतो हे कळायला कुणालातरी तो सहाव्या टप्प्यापर्यंत खेळावा लागतो.

राहिला चोरीचा प्रश्न. एम्युलेटर लिहिणे आणि खेळांच्या फाइली वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कनेक्टिक्स कंपनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकायला काढला तेव्हा सोनीने खटला भरला. २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने अभ्यासासाठी केलेली मधली नक्कल न्याय्य वापरात बसवली. २०२४ मध्ये निन्टेन्डोने युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांकडून २४ लाख डॉलरची तडजोड मिळवली, पण ते प्रकरण तेव्हा चालू असलेल्या पिढीच्या स्विच या यंत्राचे आणि त्याचे कुलूप फोडण्याचे होते. हजारो खेळ भरलेले मेमरी कार्ड यंत्रासोबत देणाऱ्या विक्रेत्यांची मात्र बाजू घेता येत नाही. स्नेस-नाइन-एक्सचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, म्हणजे असे विक्रेते कंपन्यांबरोबर हौशी लेखकांनाही लुबाडतात. गंमत अशी, की कंपन्यांनाही हाच मार्ग धरावा लागला. निन्टेन्डोने २०१६ मध्ये विकलेला छोटा एनईएस (एनईएस म्हणजे फॅमिकॉमचे परदेशी रूप) हा लिनक्सवर चालणारा एम्युलेटरच होता, आणि सोनीच्या २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये तर हौशी मंडळींचा मुक्त एम्युलेटर पीसीएसएक्स रीआर्म्ड बसवलेला होता. त्या दोघांत मिळून खेळ किती? तीस आणि वीस. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवले, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांपर्यंत दुरून पोहोचवण्याची सवलत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली.

आपल्याकडचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे, आणि ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटीही नकलीच. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देते, पण प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला. म्हणजे त्या कॅसेटींच्या मालकांना तो आधार जवळपास नाहीच. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप अशा अनेक नकली यंत्रांत होत्या. त्यांतल्या काहींत आवाजाच्या दोन प्रकारच्या लहरींची अदलाबदल झालेली होती. त्यामुळे सूर तोच, पण आवाजाचा पोत निराळा. अशी चिप ज्यांच्या घरी होती, त्यांना ‘मारिओ’चे संगीत जपानी मुलांपेक्षा वेगळे ऐकू आले. निन्टेन्डो हा आवाज कधीही पुन्हा बाजारात आणणार नाही. त्या कंपनीच्या लेखी ते यंत्र म्हणजे गुन्हा होता. एफसीईयूएमएम या हँडहेल्डवर सर्रास असणाऱ्या एम्युलेटरमध्ये मात्र ही अदलाबदल चालू करण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि नकली यंत्रांचा वेगळा कालमेळ निवडण्याचाही. कंपनीच्या अधिकृत इतिहासात ज्याला जागा मिळणे शक्य नाही, त्याची नोंद एवढीच, आणि तीही कुणीतरी फावल्या वेळात केलेली.