डावा मेंदू, उजवा मेंदू आणि पहिली वेलांटी

मेंदूचा डावा अर्धा भाग हिशेबी व तर्कनिष्ठ, तर उजवा कलासक्त. म्हणून काही मुले ‘डाव्या मेंदूची’ तर काही ‘उजव्या मेंदूची’ असतात, असा समज शिक्षकवर्गात दूरवर रूढ आहे. ब्रिटन व नेदरलँड्समधील २४२ शिक्षकांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मेंदूविषयीच्या अशा भ्रामक विधानांपैकी सरासरीने जवळजवळ निम्मी विधाने त्या शिक्षकांना खरी वाटत होती. ज्यांचे मेंदूविषयी वाचन अधिक, तेही त्यांतून सुटले नव्हते.

हा समज अगदीच निराधार नव्हे, आणि म्हणूनच तो चिवट आहे. अपस्माराच्या काही रुग्णांत दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने छेदलेला होता. अशा रुग्णांचा अभ्यास करून रॉजर स्पेरी यांनी दोन गोलार्धांची कामे काही अंशी वेगळी असल्याचे दाखविले. त्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात बसलेल्या मुलाचा हा पट्टा शाबूत असतो, एवढी साधी गोष्ट मात्र वाटेत गळून पडली.

दिल्लीलगत मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. देवनागरी वाचताना मेंदूत काय घडते, याचा तेथे नंदिनी चॅटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. ‘कि’ या अक्षरातील पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते त्याच्या नंतर. उकार खाली लागतो, मात्रा वर. डोळ्यांना अशी चहूबाजूंनी धावपळ करावी लागते. देवनागरी वाचनात दोन्ही गोलार्धांचा सहभाग असल्याचे त्यांना आढळले. यावर काही वृत्तपत्रांनी, हिंदी वाचल्याने मेंदू तल्लख होतो, असा निष्कर्ष परस्पर काढला! कोणते भाग कार्यरत होतात हे कळले, म्हणून बुद्धी वाढते हे सिद्ध होत नाही. एका भ्रमाच्या खंडनातून दुसरा जन्मतो, तो असा.

या समजांची किंमत चुकवावी लागते ती अक्षर न लागणाऱ्या मुलाला. ‘हा उजव्या मेंदूचा’ असे म्हणून त्याच्या हाती रंग दिले, की त्याचे वाचन तिथेच थांबते. डिस्लेक्सिया हा दृष्टीचा दोष नव्हे आणि आळसही नव्हे. अक्षर व ध्वनी यांची सांगड घालण्यात येणारी ती अडचण होय. ती वेळीच ओळखता यावी, यासाठी याच केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला. २०१५ साली तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांत उपलब्ध झाला. मूल ज्या भाषेत वाचायला शिकते, त्याच भाषेत त्याची अडचण तपासण्याची सोय त्यामुळे झाली.